आधी पडणे समजून घ्या, मग हेल्मेट घ्या

स्केटबोर्ड विकत घ्यायला गेलात की दुकानदार बोर्डाबरोबर एक जाळीची पिशवी पुढे करतो. तीत एक हेल्मेट, दोन नी पॅड, दोन एल्बो पॅड आणि तळहाताला बांधायचे दोन गार्ड असतात. सगळे एका रंगाचे, बोर्डावरच्या चित्राला शोभतील असे. काही शे रुपये जास्त मोजले की ‘सेफ्टी’ घरी आली, असे समाधान घेऊन आईवडील बाहेर पडतात. ही खरेदीची रीतच उलटी आहे, असे माझे म्हणणे आहे. संचातल्या सातही वस्तूंचे काम एकसारखे नाही, त्यांची गरज एकसारखी नाही आणि त्यांच्यावर खर्चायचे पैसेही सारखे नाहीत. मूल बोर्डावरून कसे पडते, कशावर पडते आणि पडताना त्याचे काय आधी टेकते, यावरून साधन निवडले पाहिजे. हे एकदा ध्यानात आले की पिशवीतली कुठली वस्तू उपयोगाची आणि कुठली नुसती शोभेची, ते दुकानातच उभ्या उभ्या कळते.

हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगच्या महिला स्ट्रीट प्रकाराचे सुवर्णपदक पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्राला मिळवून दिले. मध्य प्रदेशातले या खेळाचे सर्वांत गाजलेले ठिकाण तर एक खेडे आहे: पन्ना जिल्ह्यातले जनवार. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली तिथे स्केट पार्क सुरू केले. शाळेत न जाणाऱ्याला बोर्ड नाही आणि बोर्डावर पहिला हक्क मुलींचा, असे दोन नियम त्यांनी घातले. त्याच गावातली आशा गोंड २०१८ साली चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोचली. त्याच राज्यातल्या जबलपूरच्या मराठी घरांतल्या मुलांनी हे मोबाइलवर पाहिलेले असते आणि वाढदिवसाला बोर्ड मागितलेला असतो. फरक इतकाच की जनवारला गुळगुळीत काँक्रीटचे उतार आहेत, आणि जबलपूरच्या कांचघर, घमापूर किंवा रांझीकडच्या मुलाच्या वाट्याला बहुधा कॉलनीतला रस्ता, शाळेचे पटांगण नाहीतर सोसायटीची पार्किंगची जागा येते. सुरक्षेचा सगळा हिशेब या फरकापासून सुरू होतो.

बोर्डावरून पडण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली: चाकाखाली खडा येतो किंवा चाक रस्त्याच्या चिरेत अडकते. बोर्ड जागच्या जागी थांबतो, पण वर उभे असलेले शरीर पुढे जातच राहते. मूल तोंडावर जाते, हात आपोआप पुढे येतात आणि तळवे, मनगटे, गुडघे, कधी हनुवटी अशा क्रमाने जमिनीला लागतात. दुसरी: पायाखालचा बोर्ड पुढे निसटतो आणि मूल पाठीमागे आदळते. इथे ढुंगण, कोपर आणि शेवटी डोक्याची मागची बाजू टेकते. उड्या आणि करामती सुरू झाल्यावर घोटा मुरगळणे हा तिसरा प्रकार येतो, पण तो पुढचा टप्पा. नवशिक्या पडतो तो पहिल्या दोन तऱ्हांनी. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने दुखापतींची छाननी केली तेव्हा जखमी झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना बोर्डावर चढून आठवडाही झालेला नव्हता, आणि पडून झालेल्या दुखापतींपैकी निम्म्याहून अधिक दुखापतींच्या मुळाशी खडबडीत पृष्ठभाग होता. या दोन निष्कर्षांतून दोन गोष्टी सरळ निघतात. ‘आधी जरा शिकू दे, मग पॅड घेऊ’ हा बेत सर्वांत धोक्याचा, कारण साधनांची खरी गरज पहिल्याच आठवड्यात असते. आणि आपल्या रस्त्यांवर पहिल्या तऱ्हेचे पडणे, म्हणजे हातावर पडणे, काँक्रीटच्या पार्कमधल्यापेक्षा जास्त घडणार.

तरी सुरुवात डोक्यापासून करू, कारण तिथली चूक भरून निघत नाही. बहुतेकांचा समज असा की हेल्मेट वेगासाठी असते. मूल कॉलनीत हळूहळू चालवते, मग कशाला? पण सपाट रस्त्यावर पडताना डोक्याला बसणाऱ्या धक्क्यात पुढे जाण्याच्या वेगापेक्षा खाली येण्याच्या वेगाचा वाटा मोठा असतो, आणि तो उंचीवर अवलंबून असतो. दीड मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९-२० किलोमीटर असतो. बोर्डावर उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाचे डोके साधारण याच उंचीवर असते. म्हणजे बोर्ड जागेवर उभा असताना मूल मागे कोसळले, तरी डोके जवळपास तेवढ्या वेगाने फरशीवर येऊ शकते. आता प्रश्न उरतो थांबण्याचा. उघडे डोके काँक्रीटवर आपटले की दोन-तीन मिलिमीटरच्या आत थांबते. हिशेब केला तर धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पाचशेपट किंवा त्याहून जास्त येतो. हेल्मेटमधला फेस दोन सेंटिमीटर चेपला गेला तर तोच धक्का सरासरी पाऊणशे पटीवर उतरतो. हेल्मेटचे काम एवढेच: डोक्याला थांबायला दोन सेंटिमीटर जागा देणे. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट सपाट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला बसणारा धक्का २५०पटीच्या वर जाऊ नये अशी अट घालतात. हा वेग दीड मीटरवरून पडणाऱ्या डोक्याचाच आहे.

म्हणून दुकानात हेल्मेट हातात घेतल्यावर रंग पाहण्याआधी ते उलटे करा. आत चिकटवलेल्या पट्टीवर कुठल्या मानकाचे नाव आहे? ईएन १०७८ हे सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठीचे मानक आहे. अमेरिकेचे एएसटीएम एफ १४९२ खास स्केटबोर्डिंगसाठी आहे आणि त्यात हेल्मेटने एकापेक्षा जास्त धक्के सोसावे लागतात, कारण स्केटर एका दुपारीत दहादा पडतो. सायकलसाठीचे अमेरिकी सीपीएससी मानक याहून जोराचा धक्का तपासते, पण ते हेल्मेट एका मोठ्या आपटीसाठी असते. पट्टीवर यांपैकी काहीच नसेल आणि आत बोटाने दाबला की लगेच दबणारा मऊ स्पंज असेल, तर ती टोपी आहे, हेल्मेट नव्हे. असा स्पंज पहिल्याच क्षणी पूर्ण दबून जातो आणि उरलेला सगळा धक्का कवटीवर येतो. चांगल्या हेल्मेटचा आतला फेस बोटाने दबत नाही, नखाने मात्र त्यावर वळ उठतो. शिवाय स्केटिंगचे हेल्मेट मानेच्या वर, कवटीच्या मागच्या फुगवट्यापर्यंत खाली उतरते. सायकलचे टोकदार, हलके हेल्मेट ती जागा उघडी ठेवते, आणि बोर्ड पुढे निसटल्यावर आपटते ती नेमकी तीच जागा.

‘घरात मोटारसायकलचे आयएसआय हेल्मेट आहे, तेच घालू दे’ हा युक्तिवाद काटकसरीचा वाटतो, पण टिकत नाही. आयएस ४१५१ या भारतीय मानकाचे हेल्मेट मोटारसायकलच्या मोठ्या धक्क्यासाठी बनते. त्याचा फेस टणक असतो आणि दीड मीटरवरून पडलेल्या हलक्या डोक्याखाली तो पुरेसा चेपत नाही. वजन सव्वा किलोपर्यंत, म्हणजे स्केटिंगच्या हेल्मेटच्या दुप्पट-अडीचपट. आठ वर्षांच्या मानेवर तो भार मागे पडताना उलट डोके खाली ओढतो. त्यात कान झाकलेले, बाजूचे दिसत नाही, आणि मागून येणाऱ्या ई-रिक्षाची चाहूल लागत नाही. आता मापाचे. आपल्याकडे चपलेपासून स्वेटरपर्यंत सगळे ‘वाढत्या अंगाचे’ घ्यायची रीत आहे. हेल्मेटला ती लावू नका. टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवून घेर मोजा. घातलेले हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर, आडवे बसले पाहिजे, कपाळ उघडे टाकून मागे कललेले नव्हे. पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाच्या पाळीखाली जुळावा आणि हनुवटीखालच्या पट्टीत एकच बोट जावे. मग पट्टी न लावता मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर; हेल्मेट एकटेच हलले तर एक नंबर लहान घ्या.

डोक्यानंतर मनगट, आणि इथे पुरावा सर्वांत भक्कम आहे. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इनलाइन स्केटिंगच्या जखमींचा एक अभ्यास छापून आला. इस्पितळात आलेल्या १६१ जखमींपैकी ३२ टक्के लोकांना मनगटाला लागले होते. गार्ड न लावणाऱ्यांना मनगटाची दुखापत होण्याची शक्यता लावणाऱ्यांच्या सुमारे दहापट निघाली. कोपराच्या पॅडबाबत हेच प्रमाण साडेनऊपट होते. गुडघ्याचा फायदा दुपटीच्या आसपास दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो पक्का ठरला नाही. डोक्याला लागलेले रुग्णच इतके कमी होते की हेल्मेटविषयी निष्कर्ष काढता आला नाही. हेल्मेटच्या बाजूने बोलतात ते भौतिकशास्त्र आणि सायकलस्वारांचे अनुभव. इनलाइन स्केट आणि स्केटबोर्ड यांत फरक आहेच. स्केट पायाला बांधलेले असतात, बोर्डावरून उडी मारून उतरता येते. पण चाक अडल्यावर हात पुढे करून पडणे दोन्हीकडे तेच, म्हणून हा पुरावा इथे लावायला हरकत नाही. तरीही आईबाप सर्वांत आधी गुडघ्याचे पॅड निवडतात, कारण खरचटलेला गुडघा दिसतो आणि मनगटाच्या आतले हाड दिसत नाही.

ते हाड दिसत नाही, पण महाग पडते. पसरलेल्या तळव्यावर सगळे वजन आले की बहुधा रेडियस हे हाताचे हाड मनगटापाशी मोडते. लहान मुलांत त्याच ठिकाणी वाढीचा थर असतो आणि त्याला इजा झाली तर हाडाच्या पुढच्या वाढीत अडथळा येऊ शकतो. दुसरे, अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड आहे. त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने मोडले तर ते सावकाश जुळते, कधी जुळतच नाही. पहिल्या एक्स-रेत ही मोड अनेकदा दिसत नाही आणि ‘मुका मार आहे’ म्हणून मूल घरी येते. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल, तर एक्स-रे साफ असला तरी हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा. गार्ड निवडताना पाहायचे ते एकच: तळव्याच्या बाजूला कडक, किंचित बाकदार प्लास्टिकची पट्टी आहे का, आणि ती तळव्यापासून मनगटाच्या पुढे हातावर चार-पाच बोटे जाते का. ही पट्टी दोन कामे करते. मनगट मागे दुमडू देत नाही, आणि तळवा जमिनीवर रुतून थांबण्याऐवजी पुढे घसरतो, त्यामुळे धक्का पसरतो. पिशवीतल्या संचात बहुतेकदा नुसते जाड कापड असते आणि पट्टी नसते. त्याने कातडी वाचते, हाड वाचत नाही.

यावर एक आक्षेप अभ्यासू पालकांकडून येतो: गार्डमुळे मोड मनगटाऐवजी वर, पट्टी जिथे संपते तिथे होते म्हणतात. आक्षेप निराधार नाही. पट्टीच्या वरच्या कडेला हात मोडल्याच्या काही घटना १९९०च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या. पण त्या मोजक्या रुग्णांच्या नोंदी होत्या, आणि वरचा तुलनात्मक अभ्यास त्यांच्याविरुद्ध उभा आहे. एक दार बंद केले म्हणून चोर क्वचित खिडकीतून येतो, एवढ्यावरून दार उघडे ठेवायचा सल्ला कोणी देत नाही.

गुडघा आणि कोपर यांच्या पॅडमध्ये फेसाइतकेच महत्त्व वरच्या कडक कवचाला आहे. काँक्रीटच्या खोलगट पार्कमध्ये स्केटर तोल गेला की मुद्दाम गुडघ्यांवर पडतात आणि उतारावरून घसरत खाली येतात. तिथे नी पॅड हे पडण्याचे साधनच असते. सपाट डांबरी रस्त्यावर हे घसरणे कमी होते, म्हणून माझ्या क्रमात गुडघ्याचा नंबर कोपराच्या नंतर लागतो. रस्त्यावर पडताना पॅड जागेवरून सरकणे ही मोठी अडचण. दुकानात पॅड बांधून मुलाला गुडघ्यावर बसवा आणि हाताने कवच बाजूला ढकला. नडगीकडे गेले तर ते पॅड रस्त्यावर पहिल्या पडण्यातच खाली उतरेल. नुसत्या वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांपेक्षा पायमोज्यासारखे चढवायचे पॅड बरे.

पिशवीत नसलेल्या दोन वस्तूंबद्दल कोणी बोलत नाही: बूट आणि चाके. पळण्याचे जाड, मऊ, टाचेला उंच तळव्याचे बूट बोर्डावर घातक, कारण पाय बोर्डापासून वर उचलला जातो आणि घोटा डुलतो. सपाट रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट हवेत आणि लेस आत खोचलेल्या हव्यात. चप्पल किंवा सँडल तर नकोच. चाकांचे गणित याहून महत्त्वाचे आहे. पार्कसाठीची चाके लहान आणि कडक असतात, साधारण ५२ मिलिमीटर व्यासाची, ९९ए किंवा त्याहून जास्त कडकपणाची. अशा चाकाला मुगाएवढा खडाही अडवतो. साठ मिलिमीटरच्या पुढची, ७८ए-८०एच्या आसपासची मऊ पॉलियुरेथेनची चाके तोच खडा गिळून पुढे जातात. खेळण्यांच्या दुकानातल्या स्वस्त बोर्डाला तर पॉलियुरेथेनही नसते, साधे कडक प्लास्टिक असते. रस्त्यावर शिकणाऱ्या मुलासाठी मऊ, मोठी चाके ही संरक्षक साधनेच समजली पाहिजेत. पॅड पडल्यावर उपयोगी पडते, हे चाक मुळात पडूच देत नाही. पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: मानकाचे हेल्मेट, पट्टीचे रिस्ट गार्ड, मऊ चाके, मग कोपर, मग गुडघा. रंगीत संच सर्वांत शेवटी.

आता मुलांचा आवडता आक्षेप: मोठे खेळाडू कुठे घालतात? टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने हेल्मेटशिवाय स्ट्रीट प्रकारातले सुवर्ण जिंकले, हे खरे. पण २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अठरा वर्षांखालच्या प्रत्येक स्केटरच्या डोक्यावर हेल्मेट होते, कारण मधल्या काळात नियम बदलला. ब्रिटनच्या स्काय ब्राऊनने टोकियोत पार्क प्रकारात कांस्य मिळवले, त्याच्या वर्षभर आधी ती सरावात उंच रॅम्पवरून पडली होती. कवटीला भेगा आणि डावा हात मोडलेला. हेल्मेटने आणि हाताने जीव वाचवला, असे तिने स्वतः सांगितले. जनवारच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत मुले अनवाणी, उघड्या डोक्याने बोर्डावर दिसतात, तेही दाखवले जाते. पण छायाचित्रात जो उभा असतो तोच दिसतो, पडून घरी बसलेला दिसत नाही. आणि अनुभवी स्केटर पडतो तो कळून पडतो. ‘पडायला शिका, साधने कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की माणूस कोसळायला जेमतेम क्षणभर लागतो आणि त्यातला मोठा भाग आपण पडतोय हे कळण्यातच जातो. अंग गोळा करून लोळण घेणे सरावाने जमते, जरूर शिकवावे; ते जमेपर्यंतचे दिवस गार्डचे.

साधनांनी मूल बेफिकीर होते, हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. हेल्मेट घातल्यावर माणूस थोडा जास्त धोका पत्करतो का, यावर संशोधकांत वाद आहे. तो वाद नवशिक्यापर्यंत पोचत नाही, कारण पहिल्या आठवड्यातले मूल धाडसामुळे पडत नाही, तोल न सावरल्यामुळे पडते. बेफिकिरी नंतर येते आणि तिच्यावर उपाय जागा आणि वय ठरवण्याचा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००२ साली सल्ला दिला होता: पाच वर्षांखालच्या मुलाला बोर्ड देऊच नये आणि दहा वर्षांखालच्याला मोठ्यांच्या नजरेखालीच द्यावा. कारण त्या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते, तोल कच्चा असतो आणि येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज येत नाही. मग खेळच नको, असे म्हणणाऱ्यांसाठी नॉर्वेचे उदाहरण आहे. तिथे १९७८ ते १९८९ स्केटबोर्डवर सरकारी बंदी होती, आणि मुले रानात लपवून रॅम्प बांधत राहिली.

उन्हाळ्याचा आक्षेप मात्र खरा आहे. मे महिन्यातल्या जबलपूरच्या दुपारी हेल्मेट आणि पॅड घालून कोणी खेळणार नाही, आणि खेळूही नये. सकाळी आठच्या आधी किंवा दिवेलागणीच्या सुमारास, उजेड असताना खेळा. हेल्मेट उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, उष्णतेने फेस खराब होतो. आणि कडक थर्माकोलसारख्या फेसाचे हेल्मेट एकदा जोरात आपटले की बाहेरून चकचकीत दिसले तरी आतून चेपलेले असते. ते पुन्हा फुगत नाही. असे हेल्मेट धाकट्या भावंडासाठी ठेवू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. आधी पट्ट्या कापा, मगच कचऱ्यात टाका, म्हणजे ते दुसऱ्या कुठल्या मुलाच्या डोक्यावर जाणार नाही.